मिलोची भाकरी

परवा नातीने विचारलं, "आजी, तुमच्याकडे पूर्वी परदेशी काही खायचे का गं?" म्हटलं, खायचो की! १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची. भाकरी थापताना मोडायची, म्हणून आई आधणाच्या पाण्यात पीठ भिजवून खूप मळायची. वर ठेचा. तिकडे ती जनावरांना घालतात असं लोक म्हणत, त्यामुळे पाहुणे आले की आई टोपलं झाकून ठेवायची.

पुढे वाचनात आलं, ज्वारी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली, अमेरिकेत फार नंतर गेली. म्हणजे मिलो आपल्या ज्वारीची बहीणच! सुदानात आजही ज्वारीचं पीठ आंबवून 'किसरा' ही पातळ पोळी करतात.

आईला हे सांगायचं मात्र राहूनच गेलं...