हळदीची साक्ष

हिंगोली जिल्ह्यांतील वसमत हळदीसाठीं विख्यात आहे. तेथेंच काय, महाराष्ट्रांत घरोघरीं बोट कापलें कीं जखमेंत हळद भरतात. हा उपचार पिढ्यान्‌पिढ्यांचा. तथापि १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठास याच उपचाराचें पेटंट मिळालें! १९९६ मध्यें डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली. आजीबाईची तोंडी साक्ष तेथें चालणारी नव्हती. छापील पुरावा हवा होता. परिषदेनें प्राचीन संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध पुढें ठेविला, आणि १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें. आजीबाईच्या बटव्याचें रक्षण अखेर लेखणीनें केलें. तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांचें हें ज्ञान वेळींच टिपून ठेवणें, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाचें कर्तव्य होय.