एक खटला, दोन मृत्यू

मुंबईच्या मलबार टेकडीवर १२ जानेवारी १९२५ रोजी संध्याकाळी जे घडले, ते न्यायालयाच्या दप्तरात खुनाचा गुन्हा म्हणून नोंदले गेले. लोकांच्या आठवणीत मात्र ती एका रूपवती कलावंतिणीवरून पेटलेल्या प्रेमवैराची कथा होऊन राहिली. एका बाजूला मुंबईतील तरुण व्यापारी, दुसऱ्या बाजूला एक संस्थानाधिपती आणि मध्ये ती स्त्री, एवढ्या तीन पात्रांवर त्या काळच्या वृत्तपत्रांनी, कवनकारांनी आणि चित्रपट काढणाऱ्यांनी आपापले इमले उभारले. बावला खून खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचे खरे ऐतिहासिक महत्त्व त्या प्रेमकथेत शोधू गेल्यास सापडत नाही. न्यायासनाचा हात नेमका कोठवर पोहोचत होता आणि कोणत्या उंबरठ्याशी तो थांबत होता, हे त्यातून स्पष्ट झाले, आणि म्हणूनच ते पुन्हा तपासून पाहण्याजोगे ठरते.

अब्दुल कादर बावला हा मुंबईतील धनाढ्य मुसलमान व्यापारी होता. त्याचे वय अवघे पंचवीस. त्या संध्याकाळी तो मुमताज बेगमसह मोटारीतून टेकडीवर फिरावयास निघाला होता. बरोबर आणखी तिघे होते. मागून आलेल्या एका मोटारीने त्यांची वाट अडविली. तीतून उतरलेल्या माणसांनी बावलाच्या मोटारीला गराडा घातला आणि मुमताजला खाली ओढून काढण्याची खटपट आरंभिली. बावलाने विरोध करताच त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. हल्लेखोरांचा बेत तिला पळवून नेण्याचा होता. खून हा त्या बेताच्या आड आलेल्या माणसाचा झाला.

बेत फसला तो केवळ योगायोगाने. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी वाट चुकून नेमके त्या ठिकाणी आले. त्यांच्यापैकी लेफ्टनंट सेगर्ट हा हातातील गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर धावून गेला. त्याला गोळी लागली, तरी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मुमताजला सोडविले व हल्लेखोरांपैकी एकाला जागीच पकडले. हे अधिकारी त्या वाटेने आले नसते, तर मुंबईतून एक स्त्री नाहीशी झाली असती आणि तिचा माग लागणे दुरापास्त झाले असते. बावला थोड्याच वेळात मरण पावला.

पोलीस कमिशनर पॅट्रिक केली यांच्या हाताखालील तपासाची दिशा लवकरच मुंबईबाहेर वळली. पकडल्या गेलेल्यांचे धागे इंदूरच्या होळकर संस्थानाशी जुळत होते. आरोपींत संस्थानच्या घोडेस्वार पोलिसांतील शफी अहमद होता, पोंडे आणि दिघे या आडनावांचे मराठी तरुण होते आणि इंदूरच्या लष्करातील वरिष्ठ अधिकारी सरदार आनंदराव फणसे हेही होते.

इंदूर ही त्या काळी माळव्यातील मराठी संस्कृतीची एक राजधानीच होती. होळकरांचा दरबार मराठी वळणाचा, सरदार-मानकरी मराठी, आणि १९१७ साली मराठी साहित्य संमेलन भरले तेही तेथेच. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही त्याच नगरीने भरविले. महाराज तुकोजीराव होळकर, या नावाचे तिसरे, १८९० साली जन्मले. वडील शिवाजीराव यांनी १९०३ साली गादी सोडल्यावर ते बालवयातच राजे झाले आणि १९११ साली त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. विद्येला आश्रय देणारे हे दरबारी वैभव आणि मलबार टेकडीवरील रक्तपात यांना जोडणारा दुवा म्हणजे मुमताज बेगम.

मुमताज ही गाण्यानाचण्याचा व्यवसाय करणाऱ्या आईची मुलगी. कोवळ्या वयातच ती इंदूरला आली आणि सुमारे दहा वर्षे महाराजांच्या आश्रयाला राहिली. न्यायालयातील तिच्या जबानीत या वर्षांचे जे चित्र उमटले, ते वैभवाचे नव्हते. आपल्यावर सतत पहारा असे, असे तिने सांगितले. इंदूर सोडण्याचे कारण विचारले असता तिने आपल्याला झालेल्या एका मुलीचा उल्लेख केला. ती मुलगी दायांनी मारून टाकली आणि त्यानंतर आपल्याला तेथे राहावयाचे नव्हते, असे ती म्हणाली. पुढे ती निसटून आपल्या आईच्या गावी, अमृतसरला गेली. तेथेही तिला परत नेण्याचे प्रयत्न झाले. शेवटी ती मुंबईस आली आणि बावलाने तिला आसरा दिला. तिला ठेवून घेतल्यास परिणाम बरा होणार नाही, अशा धमक्या त्यालाही आल्या होत्या.

या हकिकतीला प्रेमाचा त्रिकोण म्हणणे सोपे आहे. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना काही ना काही बळ असते असे आपण गृहीत धरतो. येथे एका बाजूस लष्कर, खजिना आणि पहारेकरी होते. दुसऱ्या बाजूस पैसा होता, परंतु तो एका नागरिकाचा. मुमताजपाशी मात्र परत न जाण्याचा निश्चय, एवढेच होते. संस्थानच्या हद्दीत त्या निश्चयाला कायद्याचा आधार मिळण्याची फारशी शक्यता नव्हती. मुंबईत तो होता, निदान कागदावर तरी होता. ती मुंबईला का आली आणि तिला मुंबईतून उचलून नेणे का भाग पडले, याचे उत्तर या फरकात आहे.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प आणि ज्यूरी यांच्यापुढे चालला. नऊ आरोपी होते. त्यांच्या बचावासाठी नामांकित बॅरिस्टर उभे राहिले. फणसे यांचे वकीलपत्र महंमद अली जिना यांच्याकडे होते. न्यायालयाबाहेर गर्दी लोटत असे. ही गर्दी केवळ कुतूहलाची होती असे म्हणता येणार नाही. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरविणाऱ्या लेखनास शिक्षा ठरविणारा कायदा १९२२ साली झालेला होता. एरवी राजवाड्याच्या भिंतीआडच्या गोष्टी छापताना संपादकांना दहा वेळा विचार करावा लागे. साक्षीदाराने शपथेवर न्यायालयात सांगितलेली गोष्ट मात्र छापता येत होती. त्यामुळे जे कधी उघडपणे बोलले गेले नसते, ते या खटल्याच्या वार्तांकनातून घराघरांत पोहोचले.

मे १९२५ मध्ये निकाल लागला. शफी अहमद, पोंडे आणि दिघे या तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. फणसे फाशीतून वाचले, परंतु त्यांना आणि आणखी काहींना जन्मठेप काळे पाणी झाले. दोघे निर्दोष सुटले. निकालाच्या वेळी न्यायमूर्तींनी जे सूचित केले, ते शिक्षांइतकेच लक्षात राहिले. या आरोपींच्या मागे अन्य कोणी होते, परंतु ते नेमके कोण हे सांगता येत नाही. आणि दहा वर्षे इंदूरच्या महाराजांपाशी राहिलेल्या स्त्रीला पळविण्याचा प्रयत्न झाला असता नजर इंदूरकडे वळावी यात गैर काही नाही, असा त्याचा आशय होता. न्यायालय एवढेच म्हणू शकत होते. संस्थानाधिपती ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजदारी न्यायालयांच्या कक्षेबाहेर होता. हातांना शिक्षा झाली. हात कोणी हलविले हा प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायासनाला नव्हता.

तो अधिकार सार्वभौम सत्ता म्हणून सरकार आपल्याकडे राखून होते आणि त्याचा पूर्वेतिहास कटू होता. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला, तेव्हा १८७५ साली तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांचा आयोग नेमण्यात आला होता. आयोगात मतभेद झाले. हिंदी सदस्यांनी आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. तरीही सरकारने मल्हाररावांना गादीवरून दूर केलेच. पुढे १९२० साली सरकारने असे धोरण ठरविले, की एखाद्या राजाला पदच्युत करण्याचा प्रश्न आल्यास त्याला चौकशी आयोगाची संधी द्यावी. राजांच्या दृष्टीने ही संरक्षक तरतूद होती. व्यवहारात मात्र ती एक पेच ठरली. उघड चौकशीला तोंड द्यावे, नाहीतर मुकाट्याने गादी सोडावी, असे दोनच मार्ग तीतून उरत. नाभ्याच्या महाराजांनी १९२३ सालीच दुसरा मार्ग पत्करला होता.

तुकोजीरावांपुढेही हाच पर्याय ठेवण्यात आला. या प्रकरणाशी आपला काही संबंध असल्याचे त्यांनी नाकारले. आयोगापुढे जाण्यास मात्र ते तयार झाले नाहीत. फेब्रुवारी १९२६ मध्ये, पुढे चौकशी होणार नाही या समजुतीवर, त्यांनी आपले पुत्र यशवंतराव यांच्या नावे राज्यत्याग केला. त्यानंतर महिन्याभराने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी हैदराबादच्या निजामाला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात ब्रिटिश सत्तेचे श्रेष्ठत्व कोणत्याही तहावर अवलंबून नाही, असे ठणकावले. इंदूरची गादी रिकामी होणे आणि हे पत्र यांचा काळ एकच. मलबार टेकडीवरील गोळ्यांचा आवाज अशा रीतीने राजकारणाच्या दालनांत विरून गेला.

राज्यत्यागाने न्याय झाला, असे तेव्हा अनेकांना वाटले. राजालाही अखेर किंमत मोजावी लागली, ही भावना स्वाभाविक होती. परंतु त्या तडजोडीने दोन दारे एकदम बंद केली. महाराज दोषी होते हे कधी सिद्ध झाले नाही आणि ते निर्दोष होते हेही कधी सिद्ध होऊ शकले नाही. एका माणसाच्या नावावर कायमचा संशय राहिला आणि त्या संशयाचा निवाडा करण्याचे साधन सरकारने व महाराजांनी मिळून बाजूला सारले. सरकारला आज्ञाधारक संस्थान हवे होते. महाराजांना साक्षीपुराव्याची उलटतपासणी नको होती. दोघांचेही समाधान झाले.

समाधान झाले नाही ते एका प्रश्नाचे. न्यायालयात एका आईने शपथेवर आपल्या तान्ह्या मुलीच्या मृत्यूविषयी एक भयंकर गोष्ट सांगितली होती. तो आरोप खटल्याच्या कक्षेत नव्हता. ती घटना संस्थानच्या हद्दीतील, राजवाड्याच्या आतली. मुंबईच्या ज्यूरीला तिचा निर्णय करण्याचे कारण नव्हते. आयोग नेमला गेला असता, तर मुमताजने इंदूर का सोडले हे त्याला विचारावे लागले असते आणि त्या ओघात त्या मुलीचा प्रश्नही पुढे आला असता. आयोग नेमला गेला नाही. आईचे म्हणणे खरे की खोटे, हे कोणी तपासलेच नाही. बावलाच्या मृत्यूसाठी न्यायासन बसले, वकील बोलावले गेले, शिक्षा झाल्या. मुलीचा मृत्यू उलटतपासणीच्या कागदांतील काही ओळींपुरता उरला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. होमी मास्तर यांनी १९२५ सालीच या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. तुकोजीरावांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला आणि लोकांना बोलावयास नवा विषय मिळाला. यशवंतरावांनी १९३० साली राज्यसूत्रे हाती घेतली. १९४८ साली इंदूर मध्य भारतात विलीन झाले आणि राजा न्यायालयाच्या कक्षेबाहेर असण्याचा काळ सरला. तुकोजीराव १९७८ सालापर्यंत हयात होते.

बावला खून खटल्याची आठवण निघते, तेव्हा आजही चर्चा होते ती मुमताजच्या सौंदर्याची, महाराजांच्या आसक्तीची आणि गोल्फच्या काठीची. त्या साक्षीतील मुलीला नाव होते की नाही, याची चौकशी त्या कथांतून कोणी केलेली आढळत नाही.