उत्पादनदृष्टी

उत्पादनदृष्टी : एखादी वस्तू, यंत्र वा संगणक-आज्ञावली घडविण्यास आरंभ होण्यापूर्वी, ती कोणासाठी आहे, त्याची कोणती अडचण ती दूर करणार आहे आणि कोणत्या अपेक्षा ती हेतुपुरस्सर अपुऱ्या ठेवणार आहे, यांविषयी घडविणाऱ्या मंडळींच्या मनात जे समाईक व स्थिर चित्र असावे लागते, त्यास ही संज्ञा आहे. उद्योगजगतात तिला ‘प्रॉडक्ट व्हिजन’ असेच म्हणतात. तपशीलपत्रक किंवा नफ्याचा अंदाज म्हणजे दृष्टी नव्हे. आणि प्रमुखाच्या दालनात चौकटीत टांगलेले घोषवाक्य तर नव्हेच नव्हे, कारण ज्याच्या आधारे आराखडा काढणारा कनिष्ठ अभियंताही वरिष्ठाची एखादी सूचना सकारण नाकारू शकत नाही, ते वाक्य कितीही उदात्त असले तरी कामाच्या मेजावर निरुपयोगीच ठरते.

अमेरिकी लेखक जेफ्री मूर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्रॉसिंग द कॅझम’ या ग्रंथात ग्राहक, त्याची गरज, वस्तूचा वर्ग, मुख्य लाभ आणि प्रतिस्पर्ध्याहून असलेले वेगळेपण ही सारी एकाच विधानात गोवण्याचा साचा दिला, व तो आज सर्वत्र रूढ आहे. यांपैकी वर्गाचा रकाना बहुतेक जण विचार न करता भरून टाकतात. वस्तुतः पुढील सारा खर्च आणि बहुतेक सारे वाद त्याच रकान्यातून उद्भवतात.

याचा बोधप्रद दाखला छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराजवळील वाळूज येथे मिळतो. तेथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून चालू असून ‘क्यूट’ ही चारचाकी तेथेच तयार होऊ लागली. त्याआधी, जानेवारी २००८ मध्ये, टाटांची ‘नॅनो’ ही स्वस्त मोटार दिल्लीत प्रदर्शित झाली होती. स्कूटरवर दाटीवाटीने बसलेल्या चौघांच्या कुटुंबास सुरक्षित वाहन द्यावे, ही रतन टाटा यांची कल्पना मनास तत्काळ भिडणारी होती, परंतु वाहनाचा वर्ग मोटारीचा ठरल्यामुळे मोटारीकडून असणाऱ्या सर्व अपेक्षाही तिच्या मागोमाग आल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बजाज, रेनो आणि निसान यांनी सुमारे अडीच हजार डॉलरांच्या, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने एक लाख रुपयांच्या आसपासच्या, मोटारीची तजवीज जाहीर केली. मात्र ३ जानेवारी २०१२ रोजी दिल्लीत ‘आरई ६०’ या नावाने जे वाहन (म्हणजे नंतरची ‘क्यूट’) पुढे आले, ते मोटार नव्हेच, असे बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी निःसंदिग्धपणे सांगितले : ते तीनचाकी रिक्षाच्या जागी यावयाचे चारचाकी होते. मोटारीच्या अपेक्षेने आलेल्या भागीदारांनी ते आपल्या नावाने विकण्यास घेतले नाही.

मोटार म्हणवून घेण्यास दिलेला हा नकार हेच त्या दृष्टीचे बळ होय. शहरातील रिक्षाला महामार्गाचा वेग लागत नाही, हे एकदा मुकरर झाले की वेगाची मर्यादा ताशी ७० किलोमीटर पुरते. वेग मर्यादित म्हणून वजन चारशे किलोच्या आसपास ठेवता येते. वजन कमी म्हणून मागील बाजूस बसविलेले २१६ घनसेंटिमीटरचे एकनळी इंजिन भागते, आणि लिटरमागे सुमारे ३५ किलोमीटर धाव मिळते. पक्के छप्पर, चार दरवाजे आणि आसनपट्टे मात्र राखले गेले, कारण रिक्षाच्या उतारूस पावसापासून आणि कलंडण्यापासून संरक्षण हवे, हेच मुळात अभिप्रेत होते. एका निर्णयातून दुसरा असा निघत गेल्याने प्रत्येक प्रश्नासाठी मालकाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही, आणि विकासगटास दृष्टीचा खरा उपयोग हाच असतो.

तथापि कारखान्यात स्पष्ट असलेला वर्ग सरकारी दफ्तरात अस्तित्वातच नव्हता. क्वाड्रिसायकल या हलक्या चारचाकींच्या वर्गास केंद्राने २०१३ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली; परंतु सुरक्षिततेचे आक्षेप आणि न्यायालयीन दावे यांत वर्षे गेली, निर्यात २०१५ मध्येच जाहीर झाली, आणि खाजगी वापराची मुभा देणारी अधिसूचना नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाली. २०१६ मध्ये युरो एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत या वाहनास एकच तारा मिळाला. चाचणी क्वाड्रिसायकलींसाठीच आखलेली असल्याने ‘ही मोटार नव्हे’ हे उत्तर तेथे पुरेसे पडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे : दृष्टीने सोडून दिलेल्या गोष्टींत उतारूची सुरक्षितता कोठवर येते, याचा निर्णयही आरंभीच्या त्याच विधानात नोंदविला पाहिजे.

एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रात ‘क्यूट’ विक्रीस आली, तेव्हा पेट्रोलवरील गाडीची किंमत २ लाख ४८ हजार आणि सीएनजीवरील गाडीची २ लाख ७८ हजार रुपये होती.