फ्यूकोज नावाची साखर: मुंबईचा रक्तगट आणि पांढऱ्या पेशींची वाट

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. जखम पिकली की पू होतो. त्या पुवातल्या पेशी येतात कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांचं उत्तर होतं, की त्या जखमेच्या जागीच तयार होतात. १८६७ साली युलिउस कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरून ठेवला आणि तासन् तास पाहिलं. रक्तवाहिनीतल्या पांढऱ्या पेशी कडेला येत होत्या, भिंतीला चिकटत होत्या आणि तिच्यातून बाहेर पडत होत्या. म्हणजे पुवातल्या पेशी रक्तातून येतात. पण वाहत्या रक्तात पेशी नेमकी तिथेच कशी थांबते, हा प्रश्न मात्र पुढे जवळपास शंभर वर्षं तसाच राहिला.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की लिम्फोसाइट पेशी रक्तातून लसिका ग्रंथींत जातात आणि तिथून पुन्हा रक्तात येतात. त्यांचा फेरा सतत चालू असतो. मग १९६४ साली अमेरिकेत गेस्नर आणि गिन्सबर्ग यांनी एक साधा पण धाडसी प्रयोग केला. उंदराच्या लिम्फोसाइट घेतल्या, त्यांच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्या तोडणाऱ्या विकरांत ठेवल्या आणि पुन्हा उंदराच्या रक्तात सोडल्या. एरवी या पेशी प्लीहा आणि लसिका ग्रंथी गाठतात. या पेशी मोठ्या प्रमाणात यकृतात जाऊन बसल्या! पेशी कुठे जाणार, हे तिच्या अंगावरच्या साखरेवर अवलंबून असतं, असा त्याचा अर्थ होता. वापरलेल्या विकरांमध्ये फ्यूकोज नावाची साखर तोडणारं विकरही होतं. हे नाव लक्षात ठेवा.

आता आपण बारा वर्षं मागे, मुंबईत येऊ. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटासारखं दिसे, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्याला चालत नसे. ‘ए’ आणि ‘बी’ ही चिन्हं ज्या पायावर उभी राहतात, तो ‘एच’ नावाचा पायाच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नव्हता. हाच तो बाँबे रक्तगट. त्या लेखाच्या लेखकांत लंडनचे मॉर्गन आणि वॉटकिन्सही होते. त्याच वर्षी या दोघांनी दाखवून दिलं, की ‘एच’च्या ओळखीत महत्त्वाची साखर आहे फ्यूकोज.

चाळीस वर्षं या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी चालल्या. रक्तपेढीवाले एकीकडे, प्रतिकारशास्त्रवाले दुसरीकडे. १९९२ साली इस्रायलमधल्या अमोस एत्झिओनी आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांची हकीकत छापली. मुलांना वारंवार न्यूमोनिया होई, कानाचे संसर्ग होत. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. पण संसर्गाच्या जागी पू होत नसे. फौज होती, पण ती रस्त्यावरच फिरत राहिली. आणि दोन्ही मुलांचा रक्तगट निघाला बाँबे!

रक्तगटाने दिशा दाखवली. दोन्हीकडे फ्यूकोज कमी पडत होती. रक्तवाहिनीच्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं असतात. पांढऱ्या पेशीवरच्या फ्यूकोज असलेल्या साखळीला ती हलकेच धरतात, पेशीचा वेग कमी होतो, ती भिंतीवरून गडगडत जाते आणि मग घट्ट चिकटते. साखळी नसेल, तर पेशी वाहून जाते. २००१ साली मूळ दोष सापडला. पेशीच्या आत फ्यूकोज जिथे जोडली जाते, तिथे ती पोहोचवणारं वाहक प्रथिनच बिघडलेलं होतं.

इथे एक खुलासा केलाच पाहिजे, कारण आपल्याकडे बाँबे गटाची माणसं आहेत. त्यांना हा आजार नसतो. त्यांच्यात फ्यूकोज ‘एच’च्या जागी जोडणारं विकर काम करत नाही. पांढऱ्या पेशींवर ती जोडणारं विकर वेगळं असतं आणि ते शाबूत असतं. त्यांची अडचण एकच, रक्त लागलं तर आपल्याच गटाचं लागतं.

त्या मुलांसाठी उपाय? १९९९ साली जर्मनीत अशाच एका मुलाला तोंडावाटे फ्यूकोज दिली. संसर्ग आणि ताप कमी झाले, पांढऱ्या पेशींची संख्या खाली आली. इस्रायलमधल्या मुलांना मात्र तसा गुण आला नाही. वाहकातला बिघाड प्रत्येक घराण्यात सारखा नसतो.

म्हणून रक्ताचा अहवाल हातात आला, की पांढऱ्या पेशी किती आहेत एवढंच बघून आपण थांबू नये. मूल सारखं आजारी पडतंय, पेशी भरपूर आहेत आणि तरी पू होत नाही, तर त्या पेशी पोहोचताहेत का, हे विचारायला हवं. अशा वेळी रक्तगटाची साधी तपासणीसुद्धा कधी कधी वाट दाखवते.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.