विमानतळावरील झडती आणि वर्णभेद : अमेरिकी कस्टम्सच्या नोंदी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अनेक विमानतळांवर गोऱ्यांसाठी व कृष्णवर्णीयांसाठी वेगळी प्रतीक्षालये असत. १९६० नंतरच्या काही वर्षांत न्यायालयीन आदेशांमुळे ती बंद झाली. भेदभाव मात्र संपला नाही. पुढे तो कस्टम्सच्या झडतीत आढळतो.

१९९७ व १९९८ या दोन आर्थिक वर्षांत परदेशातून आलेल्या सुमारे १ लाख २ हजार प्रवाशांची अंगझडती घेण्यात आली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने या नोंदी तपासून मार्च २००० मध्ये अहवाल दिला. १९९८ मध्ये, अंग चाचपल्यानंतर क्ष-किरण तपासणी होण्याची शक्यता अमेरिकी नागरिक असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांबाबत गोऱ्या स्त्रियांच्या ९ पट होती. प्रतिबंधित माल सापडण्याची शक्यता मात्र गोऱ्या स्त्रियांच्या निम्म्याहूनही कमी होती.

कस्टम्स आयुक्त रेमंड केली यांनी १९९९ पासून नियम बदलले. संशयाचे ४३ निकष ६ वर आणले आणि वरिष्ठांची देखरेख वाढवली. झडत्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या. तरीही माल सापडण्याचे प्रमाण वाढले. वर्णावर आधारलेला संशय अन्यायकारक होता, तसाच तो निरुपयोगीही होता, हे यावरून स्पष्ट होते.

२००१ नंतर अनेक देशांत मुस्लिम प्रवाशांनाही अशाच संशयाला तोंड द्यावे लागले. म्हणून हा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना शिकवणे अगत्याचे आहे. त्या स्त्रियांची तक्रार खरी ठरली, ती झडत्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्यामुळे आणि त्या स्वतंत्र संस्थेने तपासल्यामुळे. जिथे नोंदच ठेवली जात नाही, तिथे पक्षपात नाकारणे सोपे जाते.