दुष्काळ आणि देहाची शिल्लक

उज्जयिनी म्हटली, की महाकाल, क्षिप्रा आणि कालिदास आठवतात. दुष्काळ सहसा कोणास आठवत नाही. तथापि एका प्राचीन दुष्काळकथेचा आरंभ याच नगरीत होतो. दहाव्या शतकातील हरिषेणाच्या ‘बृहत्कथाकोशा’त अशी कथा आहे, की भद्रबाहू मुनींनी येथे बारा वर्षांच्या अवर्षणाचे भाकीत केले आणि जैन संघ दक्षिणेकडे निघाला.

कथा सोडून इतिहासाकडे वळू. माळवा ही काळ्या मातीची सुपीक भूमी. मारवाडात पाऊस चुकला, की तेथील लोक गुरेढोरे घेऊन इकडे येत. परंतु १८९९ साली माळव्यातही पावसाने दगा दिला. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात होते. ज्या विक्रमाचे नाव या नगरीशी जोडलेले आहे, त्याच्या संवताचे ते १९५६ वे वर्ष. म्हणून लोक त्या दुष्काळास ‘छप्पनिया’ म्हणू लागले. १९०१ च्या शिरगणतीत मध्य हिंदुस्थानची लोकसंख्या घटलेली आढळली.

दुष्काळातून जो वाचतो, त्याच्यापुढे दुसरे संकट अन्नाचेच असते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर जेवल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घटते आणि हृदय बंद पडू शकते. या कारणाचा उलगडा अलीकडचा. सावधगिरी मात्र जुनी आहे. चरकसंहितेत शोधनाने क्षीण झालेल्यास प्रथम पेया, मग विलेपी, मग यूष व शेवटी मांसरस असा क्रम सांगितला आहे. विस्तव लहान असता त्यावर आधी गवत व शेण घालून तो हळूहळू वाढवावा, तसाच जठराग्नीही वाढवावा, हा त्यामागील विचार.

मग गेलेले वजन परत कसे येते? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांवर याचा प्रयोग केला. चोवीस आठवडे अर्धपोटी राहून त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पुढे भरपूर अन्न मिळू लागताच प्रथम भरून आली ती चरबी. स्नायू मागे राहिले. काहींच्या अंगी तर पूर्वीपेक्षाही अधिक चरबी साठली. पुढे १९९७ साली त्याच नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा दिसले, की चरबी भरून आली तरी स्नायूंची झीज भरून निघेपर्यंत भूक शमत नव्हती.

म्हणजे देह हा संकट सोसलेल्या काटकसरी गृहस्थासारखा वागतो. उत्पन्न घटले, की तो खर्च आखडता घेतो आणि पुन्हा धान्य हाती येताच आधी कोठार भरतो. अन्न दुष्काळाने तुटले, की माणसाने स्वेच्छेने सोडले, हा भेद त्यास कळत नाही. आज वजन उतरविण्यासाठी महिनोन् महिने अर्धपोटी राहणाऱ्यांचे वजन पुन्हा वाढते, तेव्हा लोक त्यांच्या मनोनिग्रहास हसतात.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. एका दिवसाच्या उपासास ती खुशाल लावावी. परंतु दीर्घ उपासानंतरची ती दुप्पट भूक म्हणजे हावरेपणा नव्हे. असंख्य छप्पनियांतून तगून राहिलेल्या पूर्वजांचा तो वारसा होय. त्याची थट्टा न करता, हळूहळू व क्रमाने त्यास अन्न द्यावे, हेच शहाणपणाचे.