धर्माबाद : श्रम, वार्धक्य आणि सीमा

प्रांतांच्या सीमा भाषेवरून आखल्या जातात. परंतु कष्टकरी मनुष्य त्या कधीं कधीं निराळ्याच मापानें मोजतो. धर्माबादचा इतिहास याचा दाखला होय.

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांतून हैदराबाद-मनमाड लोहमार्ग झाला, आणि पुढें त्यावरील हें गांव मिरचीची पेठ म्हणून नांवारूपास आलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. राजधानी बदलली, रोजगाराची जवळची वाट मात्र निजामाबाद-हैदराबादचीच राहिली. तरुण त्या वाटेनें जाऊं लागले, आणि शेतीचा भार पुष्कळ ठिकाणीं वडीलधाऱ्यांच्या हातीं उरला.

शेतमजुरास सेवानिवृत्ति नसते. हात चालतील तोंवर त्याला कामावर जावेंच लागतें. २०१४ सालीं शेजारीं तेलंगण राज्य झालें, आणि तेथें गरीब वृद्धांस दरमहा १,००० रुपये मिळूं लागले. महाराष्ट्रांत २०१८ सालीं ही रक्कम ६०० रुपये होती. त्याच वर्षीं तेलंगणानें शेतकऱ्यास हंगामागणिक एकरीं ४,००० रुपयेही देऊं केले. तेव्हां धर्माबाद तालुक्यांतील अनेक गांवांनीं तेलंगणांत सामील होण्याची मागणी पुढें आणली. पुढें महाराष्ट्रानें वृद्धांची रक्कम आधीं १,००० व नंतर १,५०० रुपये केली.

या मागणीस भाषेचा द्रोह म्हणणें अन्यायाचें होईल. तरुणपणीं मनुष्य कामाच्या दिशेनें चालत जातो. वार्धक्यांत तें साधत नाहीं. मग सीमाच आपल्याकडे सरकावी, असें त्यास वाटूं लागतें.